सकाळी बघू

भट्टीत आणखी चार करवंट्या टाका रे. रात्रभर धग राहिली पाहिजे. नाहीतर खोबरं पिवळं पडतं, आणि मग आउकीच्या बाजारातला व्यापारी पोत्यात हात घालून असं तोंड करतो, जसं काही आपण त्याला मेलेली घूस विकायला आणलीय. हं, बस्स. आता बसा. सुपारी कुणाकडे आहे? चुना माझ्याकडे आहे.

एल्सन, तुझी बायको आज मळ्यावर दिसली नाही ती? रताळी काढायला सगळ्या जणी होत्या.

डोकं दुखतंय म्हणून झोपलीय? कधीपासून?

कालपासून. आणि वर हसतोस! म्हणे सातवा महिना लागला, कामं चुकवायला आयतं निमित्त मिळालं. वा रे बहाद्दर.

सुपारी राहू दे. आधी एक गोष्ट ऐक. तुम्ही दोघंही ऐका. पोटुशी बाईच्या दुखण्याखुपण्याचं पुरुषांनी बोलायचं नसतं, असं आपल्याकडे म्हणतात. माझा बापही म्हणायचा. मीही साठ वर्षं तोंड मिटून होतो. आता नाही मिटत. कुणाला राग आला तर येऊ दे, माझं वय झालंय.

माझी थोरली बहीण लेआ. ती दिली वर अबुफाऱ्याला. तिचा धाकटा मुलगा हडसन तीन टनी ट्रक चालवतो. डाव्या बाजूचं दार तारेनं बांधलेलं आहे, तोच ट्रक. ही गोष्ट त्याच्या घरातली. मला हडसननं सांगितली आणि त्याच्या बहिणीनं, डोर्कासनं. दोघांनी वेगवेगळी सांगितली. एका शब्दाचा फरक नव्हता.

दोन हजार तेवीस साल. ऑगस्टची अकरा तारीख, शुक्रवार.

त्या दिवशी हडसन पहाटेच खोबऱ्याची पोती भरून आउकीला गेला. माल उतरवला, तांदूळ घेतला, साबण घेतला, मासळीचे डबे घेतले. बायकोनं होणाऱ्या बाळासाठी पिवळी लोकर सांगितली होती, ती चार दुकानं फिरून शोधली. परतताना टायर पंक्चर झालं. घरी पोचायला पावणेअकरा वाजले. मजेत होता. लोकर खिशात होती. आता बायको खूश होईल, म्हणून शीळ घालत दारात आला.

घरात अंधार होता.

त्याची बायको नेस्टा चटईवर पडली होती, कपाळावर ओलं फडकं. त्यानं कंदील लावला, तर म्हणाली, "विझव तो. उजेड डोळ्यांत घुसतोय."

"अजून डोकं दुखतंय? काल रात्री दुखत होतं तेच?"

"तेच. गोळी घेतली. उलटून पडली."

मग ती थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. आणि म्हणाली, "हडसन, दारात त्या दोघी कोण उभ्या आहेत?"

हडसननं वळून पाहिलं. दारात त्याची आई उभी होती. लेआ. एकटीच.

"आई आहे."

"आणि तिच्या शेजारी?"

शेजारी कुणी नव्हतं.

तेवढ्यात डोर्कास आली. ती तीन घरं सोडून राहते. नवरा वारलाय, दोन मुली आहेत, आणि जीभ अशी की पाद्रीसुद्धा तिच्याशी जपून बोलतो. भावजयीसाठी माशाचं कालवण घेऊन आली होती. भांडं खाली ठेवलं, खुंटीवरची बॅटरी काढून घेतली आणि नेस्टाच्या तोंडावर धरली.

नेस्टाचं तोंड पावासारखं फुगलं होतं. डोळ्यांच्या नुसत्या फटी. लग्नाची अंगठी बोटात इतकी रुतलेली, की दिसेचना.

डोर्कास गुडघ्यांवर बसली. तिनं तीन प्रश्न विचारले.

"डोकं दुखतं का?"

"फुटतंय."

"डोळ्यांपुढे काय दिसतं?"

"काजवे. आणि सगळं दोन दोन."

मग डोर्कासनं तिच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "इथं?"

 नेस्टानं तो हात झटकला आणि ओठ चावला.

डोर्कास उठली. "हडसन, ट्रकमध्ये डिझेल आहे?"

"आहे. का?"

"आउकीला जायचं. आत्ता. मोठ्या इस्पितळात."

गावात दवाखाना आहे, पण नर्स लशी घेऊन पलीकडच्या बेटावर गेली होती, सोमवारी येणार होती. म्हणजे आउकीच. रात्रीचा रस्ता. अडीच तास.

लेआ आत आली. माझी बहीण आहे म्हणून सांगतो, वाईट बाई नाही ती. घाबरट आहे, आणि घाबरली की दटावून बोलते. म्हणाली, "काय चालवलंय हे? सूज कुठल्या गरोदर बाईला येत नाही? मला सहाही वेळा आली."

"पायाला ना? पायाला येते. आई, हे तोंड बघ. हे हात बघ."

"ते दुसरंच आहे. हडसननं मागच्या महिन्यात जुन्या देवराईतलं झाड तोडलं. पूर्वजांचा कोप आहे तो."

"झाड यानं तोडलं ना? मग पूर्वजांनी याचं डोकं धरावं! हिचं कशाला धरतील? त्यांना काय माणूस ओळखू येत नाही?"

"जीभ आवर, डोर्कास! चर्चमधली वडील मंडळी येतील, प्रार्थना करतील, हडसन कबुली देईल. एवढ्या रात्री क्वाइफुना नदी ओलांडून न्यायची नाही तिला. पोटुशीला तर नाहीच. तिथं कोण उभी असते, माहीत आहे ना तुला? सकाळी बघू."



सकाळी बघू...

आता हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. क्वाइफुना नदीच्या उतारावर जी उभी असते म्हणतात, ती कुणी परकी नव्हती. ती याच घरातली. बेट्सी. हडसनच्या थोरल्या भावाची बायको. त्या रात्रीच्या नऊ वर्षं आधी, याच घरात, याच चटईच्या जागी, तीही आठव्या महिन्यात अशीच पडली होती. असंच डोकं. असेच काजवे. तोंड असंच सुजलेलं. तेव्हा आम्हा कुणालाच कळलं नाही. डोर्कास तिच्या उशाशी रात्रभर पंख्यानं वारा घालत बसली होती. बेट्सी म्हणत होती, मला न्या रे कुठेतरी. दारात आम्ही पुरुष बसलो होतो. आणि आमच्यातला एक जण म्हणाला, पाऊस आहे, रात्र आहे, सकाळी बघू.

तो मी.

होय. मी. बहिणीकडे आलो होतो, आणि तेव्हा चर्चमधला मोठा माणूस. माझा शब्द मोडायची टाप कुणाची नव्हती.

पहाटे बांबूला चादर बांधून तिला नेली. नदी फुगली होती. उतारावर पाणी ओसरायची वाट बघत बसलो. तिथंच तिला झटके आले. एक. मग दुसरा. तिसऱ्यानंतर... राहू दे. पोटातलं बाळही गेलं. तिचा नवरा राजधानीला, होनियाराला, निघून गेला, तो परत आला नाही. आणि पुढे लोक सांगायला लागले, अंधाऱ्या रात्री ती पाण्यात उभी असते आणि पोटुश्या बायकांना हाक मारते.

आम्ही प्रार्थना केली. डोर्कासनं काय केलं? ती नर्सच्या मागे लागली. मला शिकव. दोन आठवडे बायकांचं प्रशिक्षण होतं, तिथं जाऊन बसली. न जाणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी नाहीतर काजवे, तोंडाला आणि हातांना सूज, बरगडीखाली कळ, अंगावर लाल जाणं, पोटातलं बाळ हलेनासं होणं. यातलं एकही दिसलं तरी थांबायचं नाही. रात्र असो, पूर असो. हे सगळं ती घोकत यायची. आम्ही हसायचो. म्हणायचो, आली डॉक्टरीणबाई.

एल्सन? उठलास का?

बस बस, घाबरू नको... नाही, थांब. बसू नको. मला सांग, बायकोचं तोंड सुजलंय का?

माहीत नाही? दोन दिवस एका छपराखाली राहतोस आणि बायकोचं तोंड पाहिलं नाहीस? बॅटरी घे. जा. तिन्ही प्रश्न विचार. एकाचंही उत्तर हो आलं, तर मला हाक मार, आपण मिशनची होडी काढू. मिशनच्या बाबांना मी बघून घेतो. पळ!

...

गेला. चांगलं झालं. तुम्ही दोघं बसा. भट्टी सोडून सगळेच गेलात तर खोबरं जळेल. करवंट्या टाका. कान तेवढे उघडे ठेवा, हाक येईल कदाचित.

कुठे होतो? हां. सकाळी बघू.

डोर्कास आईच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "आई, एकदा सकाळी बघितलं आपण. काय दिसलं सकाळी?"



हडसननं खांद्यांखाली आणि डोर्कासनं गुडघ्यांखाली हात घालून नेस्टाला उचलली. ट्रकच्या हौद्यात गादी टाकली, तिला डाव्या कुशीवर निजवली. हडसन केबिनमध्ये बसला. दिवे लावले. तर दिव्यांच्या उजेडात, ट्रकच्या पुढ्यात, लेआ. हात पसरून.

"माझ्या अंगावरून न्या. दुसरी सून मी त्या नदीला द्यायची नाही."

हडसननं इंजिन बंद करायला हात नेला. मागून डोर्कास ओरडली, "बंद केलंस तर बघ!" आणि हौद्यातूनच आईला म्हणाली, "तुला सून द्यायची नाही ना? मग बाजूला हो. इथं राहिली तर ती उजाडेपर्यंत टिकायची नाही. नदीला द्यायची का घरात घालवायची, एवढंच ठरवायचं राहिलंय. मी म्हणते, कुठेच द्यायची नाही."

 लेआचे हात खाली आले. धावत घरात गेली. हडसनला वाटलं, रुसून गेली. तर स्वतःचं पांघरूण घेऊन आली आणि हौद्यात फेकलं.

"थंडी आहे नदीवर," एवढंच म्हणाली.

रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं. ट्रक निघाला.

अमावास्या पाच दिवसांवर. चांदणं नाही. वारा नाही. समुद्राचा आवाज डाव्या हाताला. हडसन खड्डे चुकवत हळू चालवत होता, आणि मागून डोर्कासचा आवाज येत होता. ती नेस्टाला झोपू देत नव्हती. "नेस्टा, बोल माझ्याशी. बाळाचं नाव काय ठेवायचं? मुलगा झाला तर हडसनसारखं नाक नको बाई."

नेस्टा हसली म्हणे. त्या रात्री शेवटचं तेवढंच.

अकरा पस्तीस. क्वाइफुनाचा उतार.

पाऊस महिनाभर नव्हता. पाणी पोटरीइतकं. हडसननं ट्रक पाण्यात घातला.

मध्यावर इंजिन बंद पडलं.

किल्ली फिरवली. नाही. परत फिरवली. नाही. दिवे तेवढे जळत होते. पाण्यावर उजेड. पलीकडे दगड. दगडांच्या अलीकडे...

बाई.

पाण्यात उभी. पाठमोरी नाही. समोर तोंड करून. मोठं पोट. दोन्ही हात पोटाखाली. केसांतून पाणी गळत होतं. महिनाभर पाऊस नव्हता, सांगितलं ना.

हडसननं ओळखली. त्याला लहानपणी जिनं रताळी भाजून घातली, ती.

डोर्कासनं केबिनच्या टपावर हात आपटला. "थांबलास का?"

"ताई... पुढे बघ."

डोर्कासनं पाहिलं.

 पाण्याचा आवाज. दुसरा कसलाच नाही. रातकिडेही गप्प.

मग हडसनला धप्पकन आवाज आला. डोर्कास पाण्यात उतरली होती. ट्रकच्या पुढे चालत गेली. उजेडात. हातभर अंतरावर जाऊन थांबली. तिनं मला नंतर सांगितलं, मामा, मागे बघितलं असतं तर पुढे गेले नसते.

"वहिनी," ती म्हणाली. "मी आहे. डोर्कास."

ती बाई बोलली. ओठ हलले नाहीत. आवाज दगडांखालून आल्यासारखा.

"डोकं दुखतं का?"

 डोर्कासनं उत्तर दिलं. "दुखतं."

"डोळ्यांपुढे?"

"काजवे."

"इथं?" आणि तिनं स्वतःच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला.

"दुखतं."

"मलाही..."

पाणी वाहत होतं.

"मलाही दुखत होतं, डोर्कास. मग मला सकाळपर्यंत का थांबवलंत?"

...

पोरांनो, हा प्रश्न डोर्कासला नव्हता. मला होता. मी तिथं नव्हतो म्हणून तिनं झेलला.

डोर्कास रडली नाही. ती म्हणाली, "आम्हाला माहीत नव्हतं, वहिनी. आणि ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांनी विचारलं नाही. तुझा राग खरा आहे. माझ्यावर काढ. घरादारावर काढ. हिच्यावर नाही. आता मला माहीत आहे. हिला मी थांबवणार नाही, आणि तुलाही थांबवू देणार नाही. वाटेतून बाजूला हो."

ती हलली नाही.

"बाजूला हो म्हणते!"

नाही हलली.

डोर्कास मागे फिरली. पाठ दाखवली तिला! मेलेल्याला कधी पाठ दाखवू नये म्हणतात. सरळ चालत आली, केबिनच्या पायरीवर चढली, खिडकीची कड धरली आणि म्हणाली, "चालव."

"ताई, ती समोर..."

"चालव. मेलेल्याला ट्रक लागत नाही. जिवंत मागे आहे."

हडसननं किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं.

त्यानं डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, मिटले त्यानं. ट्रक पुढे गेला. धक्का नाही. आवाज नाही. फक्त गारवा. एका बाजूनं आत आला, दुसऱ्या बाजूनं गेला.

डोळे उघडले तर चाकं पलीकडच्या काठावर.

डोर्कास उतरून परत हौद्यात चढली. टेकडीचा चढ सुरू झाला. हडसननं केबिनच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. बॅटरी गादीवर पडली होती, तिच्या उजेडात दिसलं. नेस्टा आडवी. तिच्या उशाशी डोर्कास.

पायाशी... कुणीतरी बसलेलं.

त्यानं परत रस्त्याकडे पाहिलं. परत खिडकीतून पाहिलं.

पायाशी. मान खाली घालून.

तो ओरडणार होता. तेवढ्यात नेस्टाचं अंग ताठ झालं. हात आखडले. दात गच्च. मग सगळं अंग थडथड उडायला लागलं. हडसननं ब्रेक दाबला. "ताई! तोंडात चमचा घालू? जीभ चावेल!"

"काही घालायचं नाही! दाबूनही धरायचं नाही! तू गाडी चालव!"

डोर्कासनं तिला कुशीवर वळवून ठेवलं, डोक्याखाली लेआचं पांघरूण सरकवलं, तोंडातला फेस पुसला. आणि पहिल्यांदाच पायाकडे पाहिलं. हडसननं तिचं बोलणं ऐकलं. शेजारणीशी बोलावं तसं.

"आलीस? बरं. बसायचं तर बस. पण ओढायचं नाही. ऐकलंस? ओढायचं नाही."

झटका थांबला. नेस्टा घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागली. पण घेत होती.

टेकडीच्या माथ्यावर फोनला रेंज आली. डोर्कासनं इस्पितळाला फोन लावला. "आठवा महिना. झटका आलाय. तोंडाला, हातांना सूज. दीड तासात पोचतो. दार उघडं ठेवा."

एक वाजून चाळीस मिनिटांनी पोचले. दार उघडं होतं. दोन नर्स ढकलगाडी घेऊन बाहेरच उभ्या. डॉक्टरीण तरुण पोरगी, तुमच्याएवढी. रक्तदाब मोजला. एकशे ऐंशीवर एकशे वीस. झटके थांबवायचं इंजेक्शन तिथंच दिलं. नेस्टाला किंचित शुद्ध आली, तेव्हा ती पोरगी तिच्यावर वाकली आणि विचारायला लागली, "डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे काय दिसतं? आणि इथं?" तेच तीन. त्याच क्रमानं. हडसन भिंतीला टेकला आणि खाली बसला.

तीन वाजून वीस मिनिटांनी ऑपरेशन करून मुलगी काढली. दीड किलोची. माझ्या या पंजात मावेल एवढी. रडली मात्र अशी, की बाहेरच्या बाकावर झोपलेले दोघं उठून बसले.

डॉक्टरीण बाहेर आली आणि डोर्कासला म्हणाली, "सकाळी आणलं असतं तर मला काही करता आलं नसतं."

रविवारी लेआ आली. मीही गेलो. लेआनं सुनेच्या पलंगाशी उभं राहून खूप रडून घेतलं. मग म्हणाली, "मुलीचं नाव बेट्सी ठेवू. म्हणजे ती शांत होईल."

नेस्टाला बोलायलाही ताकद नव्हती. ओठ फाटलेले. पण मान हलवली. "नाही, आई. त्यांचं नाव त्यांचंच राहू दे. त्या शांत झाल्या काय, न झाल्या काय, त्यांना तेवढा हक्क आहे. तुम्ही त्यांच्या थडग्यावर जा. जे त्यांना सांगायचंय ते त्यांनाच सांगा. माझ्या मुलीच्या गळ्यात नका बांधू."

 मुलीचं नाव एरीना ठेवलं.

मी गेलो थडग्यावर. एकटाच. काय बोललो ते तुम्हाला सांगणार नाही.

आता राहिलं एवढंच.

आठव्या दिवशी नेस्टाची सूज उतरली. तोंड पहिल्यासारखं झालं, अंगठी सैल झाली. नर्सनं जाण्याआधी तपासणी केली. सूज असली की पाय अंगठ्यानं दाबल्यावर खळगा पडतो आणि हळूहळू भरून येतो. तिनं उजवा पाय दाबला. खळगा नाही. छान, म्हणाली. मग डाव्या पायावरची चादर बाजूला केली.

खळगे दाबायच्या आधीच होते.

घोट्याच्या वर. चार एका बाजूला. एक दुसऱ्या बाजूला.

नर्स म्हणाली, सूज असताना कुणीतरी घट्ट धरलं असेल, येतील भरून. पण त्या रात्री डोर्कास उशाशी होती. हडसन केबिनमध्ये होता. इस्पितळात पाय कुणी इतका घट्ट धरला नव्हता.

एरीना येत्या ऑगस्टात तीन वर्षांची होईल. नेस्टा आता डोर्कासबरोबर गावोगाव जाते. बायकांना जमवते, तीन प्रश्न शिकवते आणि झगा वर करून घोटा दाखवते, खळगे अजून भरलेले नाहीत. कुणाची भीड नाही. गेल्या महिन्यात मलाही दाखवला. भर दुपारी. अंगणात. आठवडाभर थेंब पडला नव्हता. म्हणाली, "मामा, हात लावून बघा."

मामेसासऱ्यानं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो. मी मागे सरलो.

"लावा," ती म्हणाली.

लावला. पाय कोरडा होता. उन्हानं तापलेला.

ते पाच खळगे तेवढे... ओले होते.